छापील उंची

टेलरबाईंनी आयुष्यात कधी अंदाजाने कापड बेतलं नव्हतं. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, "मागच्याच मापाने शिवा हो" म्हणो, त्या त्याला सरळ उभं करून टेप लावायच्या. महिन्याभरात माणूस पोटाने कुठल्या कुठे जातो, असं त्यांचं मत होतं, आणि ते त्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर ऐकवायच्या.

त्यांच्या एकुलत्या एका मुलाला एकोणिसाव्या वर्षी दूरच्या शहरातल्या मोठ्या बास्केटबॉल संघाने उचललं. पहिले काही महिने त्याने काय केलं म्हणाल, तर ज्येष्ठ खेळाडूंच्या बॅगा वाहिल्या, पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि राखीव खेळाडूंचा बाक झिजवला. मग एका सामन्यात संघातले दोन धिप्पाड गडी फाउल करकरून बाहेर गेले आणि कोचने नाइलाजाने याला आत ढकललं. पोराने अशा काही उड्या मारल्या, की रिंगला आपटून परतणारा प्रत्येक चेंडू समोरच्या उंटांच्या डोक्यावरून याच्याच हातात! दुसऱ्या दिवसापासून लोक त्याला 'स्प्रिंग' म्हणू लागले, आणि हंगाम संपेपर्यंत त्याच्यावाचून संघाचं पान हलेना.

टेलरबाई हे सगळं दुकानातल्या टीव्हीवर बघायच्या. नियम ओ की ठो कळायचे नाहीत, पण मुलाला कुणी धक्का मारला की मशीन थांबवून त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या.

हंगामाच्या शेवटी संघाचं रंगीत माहितीपुस्तक घरी आलं. स्प्रिंगच्या फोटोखाली छापलं होतं, उंची सहा फूट सात इंच. टेलरबाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. घरातून निघताना पोरगं सहा फूट पाच होतं. त्यांनी लगेच फोन लावला.

"अरे, दोन इंच वाढलास आणि सांगितलं नाहीस? मला किती आनंद झाला म्हणून सांगू!"

पलीकडे तो काहीतरी पुटपुटला आणि सरावाला उशीर होतोय म्हणाला. टेलरबाईंनी गल्लीभर बातमी केली. मग दुकानाचं शटर ओढून मनसोक्त रडल्या. पोर डोळ्यांआड वाढलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

त्यातच कळलं, की वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू म्हणून त्याचा सत्कार होणार. सूट आईच शिवणार, यात प्रश्नच नव्हता. एक फोन करून माप मागवायचं, की झालं. पण पोटच्या पोराला माप विचारायचं म्हणजे तो परका झाला हे कबूल करण्यासारखंच. ते काही त्यांच्याने होईना. या वयात पोरं पायांतच वाढतात, असं स्वतःला पटवून त्यांनी जुन्या मापात पँटीला दोन इंच जास्त धरले आणि कातर चालवली. सूट पार्सलने पुढे गेला आणि टेलरबाई स्वतः थेट समारंभालाच पोचल्या.

स्प्रिंग स्टेजवर आला आणि टेलरबाईंची नजर थेट त्याच्या पायांकडे गेली. पँट बुटांवरून ओघळून स्टेज झाडत होती. तिसऱ्या पावलाला ती टाचेखाली आली आणि स्वारी तोंडावर आपटता आपटता वाचली. सभागृहात हशा पिकला.

शेजारी बसलेला संघाचा मॅनेजर घामाने निथळत होता. तो कानाशी कुजबुजला, "काकू, आता काय सांगू? आम्ही सगळ्यांचीच उंची थोडी वाढवून छापतो. मालकांना उंच माणसं लागतात. उद्या याच्या नव्या करारावर सही आहे. कुणी विचारलंच तर म्हणा, तुमचाच हात चुकला."

टेलरबाईंचं डोकं सणकलं. त्यांचा हात चुकला? पण पलीकडेच मालक भुवया उंचावून त्या पँटीकडे बघत होते.

"शिंप्याने कुठला सूड उगवला हो हा?" निवेदकाने माइकवरून विचारलं.

टेलरबाई उठून उभ्या राहिल्या. "मी शिवलाय," त्या म्हणाल्या. "मी त्याची आई. माझं... माझं माप चुकलं."

लोक पुन्हा हसले. स्प्रिंग मात्र हसला नाही. त्याने निवेदकाच्या हातातून माइक घेतला.

"आईचं माप चुकत नाही," तो म्हणाला. "पुस्तकातला माणूस खरा असता, तर ही पँट त्याला बरोब्बर बसली असती. मी सहा फूट पाचच आहे."

मॅनेजरने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात मागून संघाचा कप्तान उठला. हा एवढा आडमाप, की सगळे त्याला 'खांब' म्हणायचे.

"माझाही एक इंच कमी करा," तो म्हणाला.

"माझा दीड!" दुसरा ओरडला. मग काय, बघता बघता मालकांच्या डोळ्यांदेखत अख्खा संघ आखडत गेला.

"अरे, मग हा सगळ्यांच्या डोक्यावरून चेंडू घेतो तरी कसा?" मालकांनी वैतागून विचारलं.

"उडी मारून," खांब म्हणाला.

मालकांनी पुन्हा एकदा त्या पँटीकडे पाहिलं. "उद्या सहीला येताना दुसरी पँट घालून ये," एवढंच ते म्हणाले, आणि मॅनेजरच्या जिवात जीव आला.

समारंभानंतर टेलरबाईंनी मुलाला बाहेरच्या व्हरांड्यात गाठलं. "फोनवर का नाही सांगितलंस, गाढवा?"

"तू एवढी खूश झाली होतीस. म्हटलं, आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"खूश?" टेलरबाईंचा आवाज चिरकला. "शटर लावून रडले मी! म्हटलं, पोरगं माझ्या माघारी वाढलं, आणि मी बघायलासुद्धा नव्हते."

आईच्या खांद्यापर्यंत डोकं पोचावं म्हणून स्प्रिंग आधी कमरेत आणि मग गुडघ्यांत वाकला.

"नाही गं वाढलो," तो म्हणाला. "तू होतीस तेव्हाच वाढलोय सगळा."