पूर्ण नावानिशी

आमच्या सुशीलइतका घाबरट माणूस टोकियोजवळच्या या अख्ख्या उरायासूत सापडायचा नाही, आणि त्याच्याइतका प्रेमळही. बायको सांगतेय, तेव्हा दोन्ही खरं धरा.

गेली चार वर्षं हा माणूस शेजारच्या नेत्रासाठी शाकाहारी आहे! पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये तिनं आडनाव विचारलं आणि याला घाम फुटला. "आम्ही नुसतं नावच लावतो," म्हणाला, आणि वर, "मासेबिसे काही खात नाही." अरे, विचारलं होतं का कुणी? तेव्हापासून घरात सुकट भाजायची तर खिडक्या बंद, पंखा फुल आणि नऊ वर्षांच्या राधिकाला ताकीद.

हसू नका. जपानला यायच्या आधी सुशील अमेरिकेत होता. तिथला बॉस आपल्याकडचाच. एकदा शाबासकी म्हणून त्यानं याची पाठ थोपटली, आणि हात खांद्यावरून खाली फिरवत राहिला. जानवं आहे का, ते चाचपत होता मेला! आम्ही बाबासाहेबांची माणसं, जानवं कुठून असणार? त्यानंतर सुशीलला मीटिंगची बोलावणी येईनाशी झाली. हा भांडला नाही. राजीनामा देऊन इथे आला.

आता त्याची धाकटी बहीण अस्मिता त्याच कंपनीत, त्याच बॉसच्या हाताखाली. ती नवऱ्याचं आडनाव लावते, पण धीट आहे, माझ्या सासूबाईंवर गेलीय. कंपनीच्या समानतेच्या नियमांत वंश आहे, धर्म आहे, जात नाही. जातही घाला म्हणून तिनं आणि आणखी तिघांनी अर्ज केला. शुक्रवारी सुनावणी होती आणि तिला सुशीलचं पत्र हवं होतं.

"नाव न घालता चालेल?" यानं फोनवर विचारलं.

"निनावी पत्र ते वाचतच नाहीत, दादा."

"अगं, नेत्राचा नवरा तुमच्याच कंपनीच्या टोकियो ऑफिसात आहे. इथे सगळ्यांना कळेल. राधिका त्यांच्याकडेच खेळते."

"राहू दे मग," अस्मिता म्हणाली. " तू त्रास नको करून घेऊस." चिडली असती तर परवडलं असतं. सुशील त्या दिवशी धड जेवला नाही.

शेवटी मीच म्हटलं, "कळायचंच आहे तर आपल्या तोंडून कळू दे." दुसऱ्या दिवशी नेत्राला चहाला बोलावलं. सुशीलनं सगळं सांगितलं, पाठीवरच्या हातासकट.

नेत्राचा चेहरा उतरला. "चार वर्षं? आम्ही तुम्हाला तसे वाटलो?"

"वाटलात," मी म्हटलं. माझी जीभ कुठे ऐकते! "आडनाव तूच विचारलंस."

"मी सगळ्यांनाच विचारते."

"का विचारतेस?"

अर्धा चहा टाकून ती उठली. रागावली की ओशाळली, ते मला अजून कळलेलं नाही. संध्याकाळी राधिका खेळायला गेली तेव्हा दार मात्र उघडलं.

मग सुशील पत्र लिहायला बसला. जेमतेम सात-आठ ओळी. शेवटची होती, 'मी तेव्हा गप्प बसलो, ते माझं चुकलं.' खाली सही केली, सुशील नामदेव गजभिये.

अस्मिताचा फोन आला तेव्हा आमच्याकडे शनिवारची सकाळ होती.

"बदलला नियम?" सुशीलनं विचारलं.

"कसला बदलतोय! तीन महिने विचार करणार म्हणे."

"मग रडतेस कशाला, वेडे?"

"पत्र मीच वाचलं, दादा. बॉस समोर बसला होता. शेवटी तुझं नाव आलं, तेव्हा कमिटीतल्या बाईंनी विचारलं, हे तुमचे कोण?" तिला हुंदका आवरेना. "या ऑफिसात तीन वर्षं मी सांगत आलेय रे, मला भाऊ नाही. मी एकुलती एक आहे. तुझ्यावरून त्याला माझं कळेल म्हणून. आज सगळ्यांसमोर म्हटलं, हा माझा दादा."