दुपारचं नेट कोण वापरतं?

मित्रांनो, तुमच्या टीव्हीच्या मागे भिंतीला टेकून, बारीक हिरवे दिवे मिचकावत एक डबा बसलेला असतो ना, त्यातलाच मी. मी एक जुना राऊटर आहे. पण राऊटर हे नाव शाळेच्या हजेरीतलं म्हणायचं. आमच्या घरातल्या जयवंताबाई मला ‘डबा’ म्हणतात, आणि नेट अडलं की ‘मुडदा बसविला त्या डब्याचा’ म्हणतात. मला राग येत नाही. मी मुळातच झोपाळू. अंग सदा कोमट असतं, आणि माझ्यातून दिवसभर जगातल्या गोष्टी जात असतात. गाणी, भांडणं, सांबाराच्या पाककृती, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो. मी त्यातलं काही ठेवून घेत नाही. वाट देतो आणि पुन्हा पेंगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. एका निळ्या दिव्याखाली माझ्या पोटात तारा बसवल्या गेल्या एवढंच अंधुक आठवतं. मला खरी जाग आली ती बेळगावच्या वडगावात, सुबरावांच्या घरी. आणि जाग आली ती आवाजानं. खटक-खटाक, खटक-खटाक! घराच्या पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग चालू होते. एकावर जांभळी साडी, दुसऱ्यावर मोरपंखी. सुबराव एका मागापाशी, त्यांचे जुने सोबती भरमूअण्णा दुसऱ्यापाशी, आणि सुबरावांच्या पत्नी जयवंताबाई कोपऱ्यात बसून मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत. मला मागाच्या वरच्या फळीवर बसवलं. महिन्याभरात माझ्या पाठीवरची सगळी भोकं सुताच्या तंतूंनी भरून गेली. जयवंताबाई मागाच्याच कुंच्यानं मला झाडत.

मित्रांनो, ते माझे मानाचे दिवस होते. साथीमुळं शाळा बंद होत्या. सुबरावांची सून मनिषा शिक्षिका. ती माझ्या जोरावर घरातून चाळीस मुलांना शिकवायची. मुलं विचारायची, “टीचर, तुमच्या घराजवळून रेल्वे जाते काय?” मनिषा हसून म्हणायची, “रेल्वे नाही रे, साडी जाते.” मुलगा साईनाथ तेव्हा मला म्हणायचा, “हा हाय म्हणून चाललंय आपलं.” अशी वाक्यं मी विसरत नाही. थोडा गर्विष्ठ आहे मी, कबूल करतो.

त्या घरात मी एक गंमत शिकलो. तुम्हाआम्हाला आवाजानं जाग येते. मागवाल्याचं उलटं असतं. सुबराव दुपारी जेवून दोन वाजता मागाशेजारच्या बाकावर आडवे व्हायचे. भरमूअण्णा दोन्ही माग बघायचे. एवढ्या खडखडाटात सुबराव लहान मुलासारखे झोपायचे. पण दोरा तुटून शेजारचा माग थांबला, की तेवढ्या शांततेनंही ते ताडकन उठून बसायचे. “दोरा तुटला काय रं?” पस्तीस वर्षं असंच चाललं होतं.

मग सुबरावांचे गुडघे गेले. दोन्हींचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता तासन्‌तास उभं राहायचं नाही. साईनाथची नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला, कंग्राळीकडच्या कारखान्यात. त्यानं मोठ्या हौसेनं तिकडं नवं घर घेतलं, फरशी गुळगुळीत, खिडक्या मोठ्या, समोर मोकळं रान. दोन्ही माग होते तिथंच ठेवून भरमूअण्णांना दिले. “आप्पा, आता फक्त आराम करायचा,” साईनाथ म्हणाला. सुबरावांनी मान हलवली. ते फारसं बोलणारे नव्हतेच.

नव्या घरात मला टीव्हीच्या मागं ठेवलं. इथं सूत नव्हतं, कुंचाही नव्हता. इतकी शांतता होती की माझी मलाच बारीक गुणगुण ऐकू यायची. आणि त्या शांततेत सुबरावांना झोप येईना. डोळा लागला न लागला की उठून बसायचे आणि आजूबाजूला बघायचे, काय तुटलंय ते शोधत असल्यासारखे. त्यांच्या झोपेच्या हिशेबानं माग थांबला होता आणि कुणी चालूच करत नव्हतं. महिन्याभरात ते वाळले. जेवताना घास हातात धरून पेंगायचे. मला फार वाईट वाटायचं, कारण मलाही तो आवाज हवा होता.

वाट काढली ती जयवंताबाईंनी. मनिषाचा जुना फोन कपाटात पडून होता. त्यात सिमकार्ड नव्हतं, पण माझ्या जिवावर तो चालायचा. त्यांनी भरमूअण्णांना गाठलं. तेव्हापासून रोज दुपारी दोन वाजता भरमूअण्णा व्हिडिओ कॉल लावायचे आणि आपला फोन खिडकीत, मागासमोर टेकवून ठेवायचे. इकडं सुबरावांच्या उशाशी धोटा धावायला लागायचा. खटक-खटाक, खटक-खटाक. पाच मिनिटांत सुबरावांचा श्वास जड व्हायचा. मित्रांनो, माझ्यातून एवढं सगळं गेलं, पण दुपारच्या त्या दोन तासांइतकं सुख मला कशानंच दिलं नाही. वडगावातून येणारं ते सूत मी अलगद पुढं सरकवत राहायचो, आणि कधीकधी मलाही जांभळी साडी दिसायची.

“साईला सांगू नगंस,” सुबरावांनी बायकोला बजावलं होतं. “पोरगं हौसेनं घर घेतलंय. माग घालवून चुकलो, असं वाटंल त्येला.”

आता खर्चाची गोष्ट ऐका. एका रविवारी साईनाथ आणि मनिषा घराचा खर्च कमी करायला बसले. छपरावर डिश होती, तिचं रिचार्ज वेगळं. शिवाय क्रिकेटचा एक ॲप, मालिकांचा एक, सिनेमांचा एक. आणि माझं सगळ्यात वेगवान, सगळ्यात महाग कनेक्शन.

“क्रिकेट आप्पांसाठी घेतलंय, ते ऱ्हाऊ दे,” साईनाथ म्हणाला.

“मला न्हाय रं समजत क्रिकेट,” सुबराव बिचकत बोलले. “तू घेतलायस म्हणून बघत बसतो.”

मनिषा जयवंताबाईंकडं वळली. “आत्ती, मालिकांचा तुमच्यासाठी हाय नव्हं?”

“अगं, पैसं भरलंय म्हणून लावून ठेवतो. वाया नगं जायला!” जयवंताबाई म्हणाल्या. आमच्याकडं बायकाही ‘ठेवतो’, ‘ऐकतो’ असंच बोलतात.

मला हसू आवरेना. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी पैसे भरत होता आणि दुसरा ते वाया जाऊ नयेत म्हणून कंटाळा सोसत होता. मनिषानं शहाणपणाचा मार्ग काढला. डिश बंद, तिन्ही ॲप बंद. बघावंसं वाटलं तर एका महिन्याला एकच घ्यायचा, आपोआप पैसे कापले जाणं बंद ठेवायचं, आणि माझं कनेक्शन लहान करायचं. मी मनात टाळ्या वाजवल्या. मी डबा असलो तरी उधळेपणा मला आवडत नाही.

पण साईनाथला फोनवर नेटच्या वापराचा एक आलेख दिसला. “आई, रोज दुपारी दोन ते चार नेट कोण वापरतंय गं? आम्ही दोघं तर कामावर.”

“मीच की. मालिका असत्यात.”

पंधरा दिवसांनी मालिका बंद झाल्या तरी आलेख तसाच होता. साईनाथनं पुन्हा विचारलं.

“भजनं ऐकतो रं.”

“भजनाला एवढं नेट?”

“लई लांबडी असत्यात ती,” जयवंताबाई म्हणाल्या आणि लगबगीनं स्वयंपाकघरात गेल्या. सुबराव भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मला वाटलं, ओरडून सांगावं. पण दिवे मिचकावण्यापलीकडं मला येतं काय?

मग आला तो दिवस. कनेक्शन लहान करायला नेटवाल्यांचा नागराज आला. तो गोकाककडचा, या भागात नवीन. बाहेरच्या खांबावर काम करताना त्याच्याकडून एक तार सैल राहिली आणि माझा दिवा लाल झाला. त्यानं खालूनच जयवंताबाईंना फोन लावला. “नेट बंदैतेन्री आक्का?”

कानडीत ‘बंदैती’ म्हणजे आलंय. नेट आलं का, असं तो विचारत होता. जयवंताबाईंचं माहेर चंदगडकडचं. त्यांची कानडी बाजारात भाजी घेण्यापुरती. त्यांनी ‘बंद’ तेवढं ऐकलं. माझ्या लाल दिव्याकडं बघितलं आणि जोरात म्हणाल्या, “व्हय, व्हय, बंद! बंद!”

“आय्तु आक्का,” म्हणजे ‘झालं तर मग’, असं म्हणून नागराज खूश होऊन निघून गेला. त्याच्या लेखी नेट आलं होतं.

संध्याकाळी जयवंताबाई मुलाला म्हणाल्या, “तो माणूस बंद करून गेला रं.” साईनाथला वाटलं, लहान करायला सांगितलं तर यांनी कायमचंच तोडलं. आधी चिडला. मग दोन दिवस मोबाईलच्या नेटवर भागलं तसा म्हणाला, “बरंच झालं की. कुणाचं काय अडलं? रविवारी डबा काढून टाकू.”

कुणाचं काय अडलं! मी तिथंच होतो. दुपारी दोन वाजता सुबराव तो जुना फोन हातात घेऊन बसत. काळी काच. जयवंताबाईंनी आपल्या बटणाच्या फोनवरून भरमूअण्णांना लावून दिला. सुबरावांनी कानाला लावला आणि परत दिला. “ह्यात माग न्हाय गं. नुसती घरघर हाय.” तीन दुपारी ते झोपले नाहीत. रात्रीही नाहीत. “आता सांगतोच साईला,” असं जयवंताबाई म्हणाल्या, तर सुबरावांनी हात जोडले.

चौथ्या दिवशी जयवंताबाई दळण आणायला गेल्या, तेवढ्यात सुबरावांनी पायात चपला सरकवल्या. काठी घेतली. दाराशी थांबून क्षणभर माझ्याकडं बघितलं असं मला वाटलं. मग गेले.

जयवंताबाई परत आल्या तर अंथरूण रिकामं. त्या गल्लीत धावल्या, शेजारी विचारलं, भरमूअण्णांना लावलेला फोन मागाच्या खडखडाटात नुसता वाजत राहिला, तेव्हा रडत साईनाथला फोन केला. भर उन्हात, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला, तीन दिवस न झोपलेला माणूस कुठं गेला असेल? साईनाथ कारखान्यातून निघाला, दवाखान्यात जाऊन आला, बसस्टँडवर शोधलं. ते दोन तास मी लाल दिव्यानं दाराकडं बघत काढले. माझ्या आयुष्यात मी एवढा जागा कधीच नव्हतो.

अखेर भरमूअण्णांचा फोन आला. पुढचं मी पाहिलेलं नाही, साईनाथनं घरी येऊन सांगितलं तेच सांगतो. सुबराव दोन बस बदलून वडगावला गेले होते. साईनाथ धापा टाकत तिथं पोचला, तर ते आपल्या जुन्या मागाशेजारी, त्याच बाकावर, गाढ झोपलेले. तोंड थोडं उघडं, काठी जमिनीवर पडलेली. भरमूअण्णांनी त्याला दुपारच्या फोनची सगळी हकीकत सांगितली. साईनाथनं हाका मारल्या, खांदा हलवला. सुबराव जागे होईनात.

“असं न्हाय उठत तो,” भरमूअण्णा म्हणाले. “माग थांबीव.”

त्या वेळी एकच माग चालू होता. साईनाथनं त्याचा दांडा ओढला. खोली गप्प झाली. सुबराव ताडकन उठून बसले.

“दोरा तुटला काय रं?”

समोर मुलगा उभा होता. त्यानं जमिनीवरची काठी उचलून बाकाला टेकवली. मग म्हणाला, “व्हय आप्पा. माझ्याकडनं तुटला. तुम्ही बोलला का न्हाईसा?”

“तू लई मायेनं केलतंस सगळं,” सुबराव म्हणाले. “त्यात खोट कशी काढू?”

दुसऱ्या दिवशी साईनाथनं नागराजला फोन केला. “बंद का केलासा?” नागराज बिचारा गोंधळला. “बंद कुठं केलं सर? आक्काच बोलल्या की, बंदैती म्हणून!” मग उलगडा झाला आणि घरात चार दिवसांनी हसू ऐकू आलं. नागराजनं येऊन पाच मिनिटांत तार घट्ट केली. माझे दिवे हिरवे झाले. डिश गेली ती गेलीच. ॲपही बंदच आहेत. माझं कनेक्शनही आता सगळ्यात लहान, सगळ्यात स्वस्त आहे. एक माग चालायला तेवढं पुरतं. महिन्यातून एका रविवारी साईनाथ आप्पांना वडगावला घेऊन जातो. आलेखात दोन ते चार अजून दिसतं. त्याबद्दल कुणी विचारत नाही.

मित्रांनो, मी जुना झालोय, उद्या माझ्या जागी नवा डबा येईल. त्याआधी एक सांगतो. खर्च जरूर कमी करा. जे कुणालाच नको ते बंद करायला लाजू नका. पण बोलकी माणसं आपलं हवं ते मागून घेतात. गप्प माणसाचं काय बंद पडलं हे कुठल्याच बिलावर छापून येत नाही. तुमच्या घरातही असं कुणीतरी असेल. आज जेवताना त्याच्या शेजारी बसा आणि विचारा. तो म्हणेल, “मला काही नको.” मित्रांनो, तेव्हा ताटावरून उठू नका. पुन्हा एकदा विचारा.