पोळी, भाकरी, कडक

"उतर खाली, वच्छे," कुंडलिक म्हणाला.

"न्हाय उतरत."

"येड लागलंय का तुला? शर्यत हाय ही. हुरडा खायला न्हाय चाललो."

मी फियाटचं दार आतून ओढून घेतलं. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात; मी घेते. कुंडलिक. तोंडावर 'तुमी' म्हणते, तेवढं पुरे. ओसरीवरून सासूबाई ओरडल्या, "आगं, तुझ्या पाठीचा पार खुळखुळा झालाय, आन तू मोटारीत बसून हाडं मोडून घेतीस व्हय?" मी काच वर केली.

झालं होतं असं. चालवणाऱ्याशेजारी सोबती हवाच, नाहीतर गाडी सोडणार नाही, असा हौशी मोटार मंडळाचा नियम होता. कुंडलिकचा सोबती धोंडिराम. तो मेहुणीच्या लग्नाला म्हणून केमला गेला आणि सकाळच्या रेल्वेनं आलाच नाही. गल्लीत दुसरं कोणी बसायला तयार नव्हतं. कुंडलिकचं चालवणं सगळ्यांनी पाहिलं होतं ना! मग मी बसले. या शर्यतीसाठी त्यानं रक्ताचं पाणी केलं होतं, हे खरं. पण त्याच्यासाठी बसले म्हटलं तर खोटं होईल. मी माझ्यासाठी बसले.

तीन वर्षांपूर्वी गिरणीच्या जिन्यावरून माझा पाय घसरला आणि मणका सरकला. रीळ खात्यातलं काम गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, गादी बंद, फळीवर निजा, वाकू नका, हिसका बसू देऊ नका. झालं! त्या दिवसापासून घरानं मला काचेच्या बांगड्यांसारखं कापसात गुंडाळून ठेवलं. घागर उचलू नको, गर्दीत जाऊ नको, हसूसुद्धा बेतानं. गड्ड्याची जत्रा भरली की सगळी गल्ली जायची आणि माझ्यासाठी बत्तासे यायचे. मला बत्ताशांचा राग येतो.

ओसरीवर माझी फळी आणि अंगणात कुंडलिकची गाडी. तो होटगी रोडवरच्या एका गॅरेजात मिस्त्री. अपघातातली फियाट घेऊन त्यानं तिचं इंजिन असं काही बांधलं की कुत्रीसुद्धा तिच्या मागे लागायची नाहीत. पण तीच गाडी मला दवाखान्यात न्यायची आणि तीच शर्यतीत पळायची. रस्त्याला ती मऊ हवी, सपाट धावपट्टीला कडक. मऊ ठेवली तर वळणावर डुलते. कडक ठेवली तर प्रत्येक खड्डा मणक्यात येतो. शेवटी त्यानं पुण्याच्या भंगारातून कुठल्याशा विलायती गाडीचे दोन शॉकअप आणले आणि मागच्या चाकांना बसवले. त्यांच्या बुडाशी एक चकती होती. पान्यानं फिरवली की शॉकअप कडक, उलटी फिरवली की मऊ.

चकतीला तीन खाचा होत्या. आम्ही त्यांना नावं दिली: सगळ्यात मऊ ती पोळी, मधली भाकरी आणि शेवटची कडक. सोलापूरच्या माणसाला कडक भाकरी म्हणजे काय ते सांगायला नको. तो गाडीखाली, मी फळीवर, दोघं सारखेच आडवे; पाना मीच सरकवून द्यायची. दवाखान्याला निघताना तो चकती पोळीवर ठेवायचा. विचारायचा नाही. ठेवायचा.

अक्कलकोटच्या रस्त्यानं जाऊन परत यायचं आणि मग विमानतळाच्या जुन्या धावपट्टीवर फेऱ्या मारायच्या, अशी शर्यत होती. जातायेता पोळीच बरोबर होती. रस्त्याची नुसती चाळण झालेली. दुष्काळानंतरचं पहिलं चांगलं पीक होतं, दोन्ही बाजूंना ज्वारीची काढणी चाललेली. बायका उभ्या राहून बघत होत्या. एकीनं मला पाहून विळा हलवला. मी ओरडून सांगत होते, "डावीकडं बैल हायती, दमानं! म्होरं खड्डा!" आणि कुंडलिक "व्हय, व्हय" करत ऐकत होता. इतकं त्यानं माझं कधी ऐकलं नव्हतं. परतलो तेव्हा आमच्या पुढे एकच गाडी होती.

धावपट्टीवर डांबराची रिकामी पिंपं मांडून वळणं केली होती. कुंडलिक पाना घेऊन मागे गेला, खाली वाकला, परत आला.

"केलं कडक?" मी विचारलं.

"केलं की."

सरावाची एक फेरी दिली होती. पहिल्याच पिंपाला गाडी कडब्याच्या गाडीसारखी कलली आणि मी दारावर जाऊन आदळले. पुढच्या वळणाला मागचा भाग असा डुलला की बघणारे हसले. मला कळायचं ते कळलं. अहो, दवाखान्याला जाताना त्याच सीटवर मी बसते. पोळी मला डोळे मिटूनसुद्धा ओळखू येते.

गाडी थांबल्यावर मी म्हणाले, "खोटं बोलला तुमी."

"तुझी पाठ..."

"माझ्या पाठीचं मी बघीन."

तेवढ्यात मंडळाचे सेक्रेटरी शिवयोगी लगबगीनं आले. सज्जन माणूस, राग यावा असं त्यांच्यात काही नव्हतं. "वहिनी, तुम्ही उतरलात तरी चालेल. इथं रस्ता सांगायला कोण लागतंय? प्रश्न फक्त वजनाचा आहे. तुमच्या जागी वाळूची गोणी ठेवू."

कुंडलिकचा चेहरा उजळला. "व्हय की! तू सावलीत बस, वच्छे. गोणी ठिवतो आन कडक करतो. दोनी कामं हुत्यात."

गोणी! माझ्या अंगाची आग झाली.

"गोणीच हाय की मी! घरात तीन वर्सं गोणीच ठिवलीय तुमी. उचलून हितं ठिवा, उचलून तितं ठिवा. गोणीला कुणी इचारत न्हाय. मगाशी बैल कुणी दाखवलं, गोणीनं?"

"आगं, लोक बघत्यात."

"बघू द्या. त्यांच्या घरीबी गोण्या असतील."

मी उतरले, त्याच्या हातातला पाना ओढून घेतला, पदर खोचला आणि गाडीच्या मागे जाऊन सरळ जमिनीवर उताणी निजले. शिवयोगी "अहो, अहो" करायला लागले.

"डॉक्टरांनी मला कठीण जागेवरच निजायला सांगितलंय," मी गाडीखालून म्हणाले. वाकायची बंदी होती, निजायची कुठं होती? चकती तापलेली होती, बोटं भाजली. पोळी, भाकरी, कडक. एक झाली. पाठीवर सरकत दुसऱ्या चाकाकडे गेले. कुंडलिक गुडघ्यांवर बसून बघत होता.

"आण, मी करतो," तो म्हणाला.

"मगाशी केलं हुतं की तुमी!"

सुटलो. लपवत नाही, पहिल्याच फेरीत माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. धावपट्टीच्या प्रत्येक सांध्याला कंबरेपासून टाचेपर्यंत कळ जायची. मी दाराची मूठ धरली आणि खात्यात ऐकलेल्या एकूणएक शिव्या दिल्या. पण गाडी! गाडी जमीन धरून राहिली. पिंपाला घासून वळली आणि तसूभर डुलली नाही. मी ओरडले, "दाबा!" कुंडलिकनं माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघताय? पिंप बघा!"

त्यानं दाबली. पुढच्या गाडीला आम्ही मागे टाकलं, शेवटच्या वळणाला तिनं पुन्हा आम्हाला टाकलं. दुसरे आलो. मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. असा आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता, आणि हे मी कुंडलिकला तोंडावर सांगितलंय.

मग गाडी थांबली आणि कळलं, डावा पाय हलत नाही. म्हणजे पुन्हा फळी, आणि किती महिने कुणास ठाऊक. कदाचित कायमचीच. लोक गोळा झाले. कोणी खुर्ची आणली, कोणी म्हणालं, दोघं मिळून उचला. कुंडलिकनं दार उघडलं आणि नेहमीसारखे दोन्ही हात पुढे केले.

"हात काढा," मी म्हणाले. "दार धरा नुसतं."

त्यानं दार धरलं. मी उजवा पाय बाहेर टाकला, डावा हातानं उचलून त्याच्याशेजारी ठेवला आणि छताची कड धरून उभी राहिले. रडू आलं, दुखण्यानंच आलं. मी ते पुसलं नाही. खुर्ची अगदी पायांशी आणून ठेवली होती. मी बसले नाही.

कुंडलिक जरा वेळ घुटमळला. मग पाना घेऊन गाडीच्या मागे गेला आणि तिथंच थांबला.

"वच्छे," तो म्हणाला, "आता घरला जायचं. कसं ठिवू?"

लोकांच्या देखत विचारलं त्यानं.

"मऊ करा," मी म्हणाले. "लई दुखतंय."

तो उताणा निजला आणि गाडीखाली सरकला. दोन्ही बाजूंचं होईपर्यंत मी छत धरून उभी होते.