ताईच्या प्लॉटखालची माती

भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या धाकटीला घरात सगळे दगडूबाई म्हणत. तिच्या पलंगाखाली चपलांपेक्षा दगडच जास्त. केर काढताना आई विचारायची, "हे आपोआप वाढतात का गं?" शिक्षण संपलं की परदेशात जाऊन पृथ्वीवरच्या सगळ्यात जुन्या खडकांवर काम करायचं, हे तिचं शाळेपासूनचं स्वप्न होतं.

प्रबंधासाठी मात्र सरांनी तिला शहराबाहेरची साधी टेकडी दिली. टेकडीच्या पायथ्याला नवी वसाहत आखली होती आणि तिथला कोपऱ्यावरचा प्लॉट ताईनं नि भाऊजींनी घेतला होता. पाया खणायला सुरुवात झाली तेव्हा ताईनंच कौतुकानं बोलावलं, "ये, तुझं माहेर निघालंय खड्ड्यात."

धाकटी खाली उतरली. तळाशी गुळगुळीत गोटे होते, म्हणजे कधीकाळी इथून ओढा वाहत असणार. पण त्यांच्यावर कमरेएवढ्या उंचीचा चिकणमातीचा थर होता आणि त्यात लहानमोठे दगड कसेही रुतलेले होते. तिनं एकाच्या कडेवरून बोट फिरवलं. धार लागली. पाण्यानं वाहून आलेला दगड घासून घासून गोल होतो. हे दगड वरून आले होते, एका दमात.

"दरड वाटते," तिनं सरांना नमुने दाखवले.

सरांनी ते बराच वेळ निरखले. "असेल. पण कधीची?"

ते कळायला थरात वय मोजता येईल असा लाकडाचा, कोळशाचा एखादा तुकडा तरी मिळायला हवा होता. तिनं दोनदा जाऊन माती चाळली. काही मिळालं नाही. हजारो वर्षांपूर्वीची असेल तर टेकडी आता निवांत झालेली असेल. पणजोबांच्या काळातली असेल तर गोष्ट वेगळी.

"पुरावा अपुरा आहे असं लिही," सर म्हणाले.

प्रबंधात ते लिहिता आलं. जेवताना ताईनं विचारलं तेव्हा तेवढं पुरेना.

"म्हणजे परत दरड येईल का?"

"माहीत नाही."

"मग येणार नाही?"

"तेही माहीत नाही, ताई."

"अगं, इतकी वर्षं शिकून काय शिकलीस मग?" ताईनं ताट सरकवलं. "बरं, एवढंच सांग. तू राहशील का तिथे?"

"नाही," धाकटीच्या तोंडून निघून गेलं. विचार करायला वेळ मिळाला असता तर ती काय म्हणाली असती, हे तिचं तिलाच पुढे कधी ठरवता आलं नाही.

काम थांबलं. थोड्या दिवसांनी भाऊजींनी सांगितलं की एका शिंप्यानं प्लॉट मागितलाय.

"त्यांना सांगाल ना भाऊजी?"

"काय सांगू? तूच म्हणतेस, नक्की माहीत नाही." भाऊजींच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

त्या आठवड्यात तिचं कशात लक्ष लागेना. सांगावं तर ताईचं नुकसान, तेही एका 'कदाचित'साठी. न सांगावं तर शिंप्याची मुलंबाळं त्या उताराखाली झोपणार. टेकडीकडे पाहिलं की कधी ती गरीब गाईसारखी वाटे, कधी दबा धरून बसल्यासारखी. शेवटी ती शिंप्याच्या दुकानात गेली आणि खड्ड्यात दिसलं तेवढंच सांगितलं, त्यात काही मिसळलं नाही. शिंप्यानं शिवणयंत्र थांबवून ऐकून घेतलं.

"पोरी, तुझी बहीण ना ती?"

"हो."

त्यानं यंत्र पुन्हा सुरू केलं. सौदा मोडला.

ताईनं बोलणं टाकलं. आई दोघींच्या मधे निरोप्या झाली. परदेशातल्या विद्यापीठात अर्ज भरायची वेळ आली तेव्हा विषयाच्या रकान्याशी धाकटीचा हात थांबला. जुन्या खडकांना कोणी विचारत नव्हतं की आम्ही इथे राहू का. तिनं लिहिलं, 'वस्तीलगतचे उतार'.

सर वाचून म्हणाले, "बघ हं. जन्मभर 'कदाचित' म्हणावं लागेल, आणि लोकांना ते आवडत नाही."

"कळलंय, सर."

एके दुपारी ताई अचानक प्रयोगशाळेत आली. पर्स छातीशी धरून दारातच उभी राहिली. "तो थर दाखव मला. नीट. मी कशापायी एवढं गमावलं ते तरी कळू दे."

धाकटीनं मातीचा नमुना काढला, दगड ओळीनं मांडले, तिच्या हातात भिंग दिलं. ताई एकेका कडेवरून बोट फिरवत राहिली.

"मला अजून पटलेलं नाही," ती म्हणाली.

"मलाही पुरतं पटलेलं नाही."

ताईनं वर पाहिलं. मग स्टूल ओढून बसली आणि दुसरा दगड उचलला.