वहिनींचे ओंडके

मित्रांनो, मी एक जुना रोटरी कटर आहे. मला ट्रॅक्टरच्या मागे जोडतात आणि फळबागेत माजलेलं गवत मी कापतो. माझी पाती पोटाखाली असतात, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला मी नुसतं पत्र्याचं झाकण वाटतो. दिसायला मी गरीब, पण फिरायला लागलो की बोटभर जाडीचं झुडूपही शिल्लक ठेवत नाही.

कारखान्यातल्या एका वेल्डरने माझं अंग जोडलं. शेवटचा सांधा झाल्यावर त्याने मला थोपटलं आणि तो जेवायला निघून गेला. तिथून मी या बागेत आलो. बाग वहिनी सांभाळायच्या. ट्रॅक्टर त्यांचा धाकटा दीर चालवायचा. माझ्या सांध्यांना ग्रीस लावणं, गिअरबॉक्समधलं तेल बघणं, पात्यांभोवती गुंडाळलेलं गवत सोडवणं, यात वहिनींनी कधी टाळाटाळ केली नाही. सुरुवातीला शेजारचे बागवाले मला मुद्दाम बघायला यायचे. पुढे नवी यंत्रं आली, माझा रंग उडाला आणि कौतुक आटलं. वहिनींचा ग्रीसचा डबा मात्र कधी आटला नाही.

एका सकाळी मी थडथडा हलायला लागलो. सीटवर बसलेल्या दिराचे दात वाजू लागले. चूक त्याचीच होती. आदल्या दिवशी त्याने माझं एक पातं नवं बसवलं होतं आणि दुसरं झिजलेलं तसंच ठेवलं होतं. एक बाजू जड, दुसरी हलकी. मी सरळ फिरणार कसा?

"पाती जोडीनेच बदलायची असतात, भावजी," वहिनी म्हणाल्या. "एका पायात बूट आणि दुसऱ्यात झिजलेली चप्पल घालून चालून बघा."

"बदलतो हो, बदलतो!" त्याने ट्रॅक्टरच्या तेलाच्या दाबावर चालणाऱ्या लिफ्टने मला वर उचललं, ट्रॅक्टर बंद केला आणि पाना घेऊन वाकला.

"थांबा. आधी खाली ओंडके लावू."

"दोन मिनिटांचं काम, वहिनी! यंत्राला कशाला हव्यात उशा?"

वहिनींनी जाड ओंडके ओढत आणले आणि माझ्या दोन्ही कडांखाली नीट बसवले. दीर हसत आडवा झाला आणि छातीपर्यंत माझ्याखाली सरकला. पाना बोल्टला लागतो न लागतो तोच लिफ्टचं सील फुटलं. तेलाची चिळकांडी उडाली आणि मी धाडकन खाली आलो. मित्रांनो, स्वतःला आवरणं माझ्या हातात नव्हतं. मी ओंडक्यांवर आदळलो आणि तिथेच अडलो. माझं पातं त्याच्या गळ्यापासून जेमतेम वीतभर वर होतं.

तो सरपटत बाहेर आला. वहिनी मातीतच बसल्या.

"घरी सांगू नका, वहिनी. बायको मला पुन्हा ट्रॅक्टरवर बसू देणार नाही."

"सांगणार. आणि तिलाही ओंडके लावायला शिकवणार."

लिफ्ट दुरुस्त झाली, माझी दोन्ही पाती नवी झाली. आता माझा पत्रा गंजलाय आणि मला क्वचितच बाहेर काढतात. तरी माझी काही तक्रार नाही. मी आयुष्यभर फक्त गवत कापलं, आणि त्यासाठी मी वहिनींचा ऋणी आहे. मित्रांनो, आमची निगा जरूर राखा, पण आमच्याखाली शिरताना आमच्यावर विसंबू नका. आम्हाला तुमची माया कळते, पण थांबता येत नाही.