चढलेला आकडा

२०२२ सालच्या हिवाळ्यात हे घडलं.

मी एक जुनी मोगरी आहे, मित्रांनो. कपडे धोपटणारी नव्हे, मैदान मोजणारी. चाकणच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये रंगरावांनी मला लेथवर घडवलं. एक नळी, तिच्यातून पडणारं लोखंडी वजन आणि वर आकड्याची काच, एवढाच माझा देह. वजन गवतावर सोडलं, की मऊ जमीन धक्का पोटात घेते आणि आकडा लहान येतो. टणक जमीन मला झिडकारते आणि आकडा चढतो.

रंगरावांनी मला बहिणीसाठी केलं होतं. कुसुमताई संत तुकाराम नगरात मुलींना फुटबॉल शिकवायच्या. खेळाआधी त्या मला गोलपाशी उभं करायच्या. "मोगरीबाई काय म्हणतात?" मुली विचारायच्या. आकडा चढला असेल तर पाण्याचा पाइप लागायचा आणि त्या दिवशी नुसतं चालणं. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे ताईंनी शिकवणं सोडलं आणि मी स्टोअररूममध्ये मांडवाच्या कापडाखाली गेले. मैदानात प्रदर्शनं भरू लागली, गवतावर टेम्पो उभे राहू लागले. त्या हिवाळ्यात मैदान समितीच्या सदाशिवरावांनी मोठ्या हौसेने रस्त्याचा रोलर फिरवून मैदान सपाट करून घेतलं. वरून हिरवंगार, कॅरमबोर्डासारखं. मुलींच्या मॅचच्या सकाळी त्यांनी मला शोधून पुसलं आणि वजन सोडलं. एवढा मोठा आकडा मी कधीच दाखवला नव्हता.

त्यांनी माइक घेतला. "आपल्या मैदानाला आजवरचे सगळ्यात जास्त मार्क मिळाले आहेत." टाळ्या पडल्या. मला बोलता येत नाही, याचं इतकं दुःख कधी झालं नव्हतं.

पाहुण्या म्हणून आलेल्या कुसुमताई खुर्चीतून उठल्या. "सदाशिवराव, हे मार्क नाहीत, हा ताप आहे. ताप चढला म्हणून पेढे वाटतो का आपण?"

"ताई, मंडळी बसलीत. एवढी मॅच होऊ द्या, मग तुमचं पाणीबिणी मारू."

गोलकीपर वर्षाली ताईंची शेवटची विद्यार्थिनी. त्या दिवशी जिल्ह्याच्या संघाची निवड होती. ताईंनी तिला बाजूला घेतलं. "आज बॉलसाठी जमिनीवर अंग टाकू नकोस."

"अंग न टाकता निवड कशी होणार, बाई?" ती हसली.

उत्तरार्धात तिने उजवीकडे झेप घेतली. बॉल बाहेर गेला. टाळ्या थांबल्या तरी ती उठली नाही. कोपर मोडलं होतं.

रंगराव आता नाहीत. कुसुमताई सांगवीला लेकीकडे असतात. गुडघे दुखतात म्हणून मैदानावर येत नाहीत. सदाशिवराव समितीत आहेत, पण माइक दुसऱ्याच्या हाती देतात. वर्षालीचा हात पुरता सरळ झालाच नाही. निवड झाली होती, ती कागदावरच राहिली. आता ती चाकणच्या कंपनीत शिफ्टला जाते, माल तपासते.

मित्रांनो, आकडा पाहून टाळ्या वाजवण्याआधी तो कशाचा आहे, एवढं विचारा. गवतालाही विसावा द्या.

सुटीच्या दिवशी वर्षाली येते. डाव्या हाताने मला उचलते, गोलपाशी वजन सोडते, काच पाहते. आकडा अजून चढलेलाच असतो. खेळायला जमलेल्या मुली विचारतात, "मोगरीबाई काय म्हणतात?"

"आज चाला नुसतं," ती म्हणते आणि पाइप ओढायला जाते.