दुसरी नळी

सिस्टरांनी नळी धुवायला सलाइन सोडलं आणि थोड्याच वेळात मास्तरांचे दात वाजायला लागले. आधी दात, मग खांदे, मग अख्खी खाट.

"अहो, काय होतंय?" बायकोने अंगावर दुसरं पांघरूण टाकलं.

"गारठ्यात... इंजिन... असंच करतं," मास्तर कसेबसे म्हणाले.

सिस्टर हसल्या नाहीत. कालही नळीतून औषध गेल्यावर अशीच हुडहुडी भरली होती. त्यांनी सलाइन बंद केलं, ताप पाहिला आणि डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. निम्मं गाव त्यांच्या शेजारी बसून क्लच सोडायला शिकलं होतं. आतड्याच्या ऑपरेशननंतर आतले टाके गळायला लागले, तेव्हापासून त्यांना तोंडाने पाणीसुद्धा बंद होतं. गळ्याखालच्या हाडाजवळून मोठ्या शिरेत एक नळी घातली होती. तिच्यातून दुधासारखं पांढरं अन्न जायचं, तेच त्यांचं जेवण. ही नळी घालताना डॉक्टरीणबाईंची सुई फुप्फुसाला लागली होती. फुप्फुस बसलं. बरगड्यांमधून आणखी एक नळी टाकून ते फुगवावं लागलं. मास्तर त्यातून सावरले, डॉक्टरीणबाई अजून सावरल्या नव्हत्या. रोज येऊन नीट तपासायच्या, पण बोलायच्या त्या छातीवरच्या पट्टीशी.

आताही त्या पट्टीकडेच बघत म्हणाल्या, "नळीत जंतू झालेत, तिथून रक्तात जाताहेत. ही आजच काढू. थोडे दिवस हाताच्या शिरेतून औषध देऊ. रक्त साफ झालं की मानेतून नवी घालू."

"कोण घालणार?" बायकोने विचारलं.

"मोठे सर. स्वतः."

"का? तुम्हाला सुट्टी आहे?" मास्तरांनी विचारलं.

"सुट्टी नाही. मागच्या वेळी..."

"मागच्या वेळचं फुप्फुस फुगलं की परत. तुम्हीच घाला."

डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली आणि त्या निघून गेल्या. त्यांची पाठ वळायचा अवकाश, बायको खुर्ची ओढून जवळ बसली.

"तुम्हाला शिकाऊंचा भारी पुळका. एकदा छातीला भोक पडलं ते पुरलं नाही का?"

"पोस्टातल्या बाई आठवतात? फाटकाच्या भिंतीवर गाडी घातली होती. माझा दात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात मी गाडी घेऊन उभा. अजून चालवतात."

"ती भिंत होती. ही मान आहे."

"माझीच आहे ना."

"तुमच्या एकट्याची आहे का ती?"

मास्तरांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. बायकोने न सांगता ओला कापूस ओठांना लावला.

"ती शिकाऊ नाही गं," ते म्हणाले. "घाबरलेली आहे. घाबरलेल्याला लवकर परत बसवलं नाही तर तो कायमचा उतरतो."

"आणि तुम्ही? तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की. म्हणून तर ओळखीचा हात बरा."

संध्याकाळी मोठे सर डॉक्टरीणबाईंना घेऊन आले, तेव्हा मास्तरांनी सरांनाही हेच सांगितलं. "आमच्या गाडीत दुसरा ब्रेक शिकवणाऱ्याच्या पायाशी असतो. तुम्ही शेजारी उभे राहा. पाय ब्रेकवर असू द्या, पण स्टिअरिंग त्यांच्याकडे."

सरांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी होकाराची मान हलवली. बायको मात्र उठून डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिली.

"मला एवढंच सांगा, नाही जमलं तर काय कराल?"

"थांबेन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यावेळी सोनोग्राफीच्या मशीनवर शीर आणि सुई दोन्ही दिसतील. नाही दिसली तर पुढे जाणार नाही. सरांना सांगेन."

बायकोने त्यांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. "थांबता येतंय ना, मग घाला," ती म्हणाली.

रक्त साफ झाल्याचं कळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांना आत नेलं. खाट डोक्याकडून खाली केली. तोंडावर हिरवं कापड आलं.

"बोललं तर चालेल का?" कापडाखालून आवाज आला.

"आता नको. मान हलेल."

आयुष्यभर शेजारच्याला डावं-उजवं सांगत आलेला माणूस गप्प पडून राहिला. मान बधिर झाली. मग नुसता दाब जाणवायला लागला.

"थांबते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दाब गेला. सर तिथेच होते; त्यांच्या चपलेचा आवाज झाला, पण ते पुढे आले नाहीत. मास्तरांनी चादर मुठीत धरली होती. ओठांवर आलेला शब्द त्यांनी गिळला.

पुन्हा दाब आला.

"आली," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, भाजी आली म्हणावं तसा.

एक्स-रे निघाला. डॉक्टरीणबाई तो घेऊन खाटेपाशी आल्या आणि पहिल्यांदाच मास्तरांच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "फुप्फुस छान आहे, मास्तर."

"मग पुढच्या पेशंटकडे जा," मास्तर म्हणाले.

ती नळी टिकली. टाके भरले. पाणी सुरू झालं, मग पेज, मग मऊ भात. पण अंगातली ताकद गेली ती पुरती परत आली नाही. गाडी विकायचं मास्तरांनी खाटेवरच ठरवलं आणि बायकोला सांगितलं.

घरी जायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी नळी काढली. "श्वास रोखा," म्हणाल्या, आणि मग मानेवर बोटं दाबून रक्त थांबेपर्यंत उभ्या राहिल्या. त्यांचा हात जरासुद्धा हलत नव्हता. त्यांनी वर पट्टी लावली आणि त्या दुसऱ्या वॉर्डात गेल्या. तिथे कोणीतरी वाट बघत होतं.

बायकोने घरून आणलेला इस्त्रीचा शर्ट मास्तरांच्या अंगात घातला. मास्तरांनी हनुवटी वर केली. तिने वरचं बटण लावलं. कॉलरमध्ये आता तिची चार बोटं सहज मावत होती. तिने ती जास्तीची ढील मागच्या बाजूला सरकवली, पट्टी झाकली आणि कॉलर सरळ केली.

"घट्ट नाही ना होत?" तिने विचारलं.

"छे," मास्तर म्हणाले. "बरोबर आहे."